सोलो नेमका कोणाचा? वेन शॉर्टरचं ‘फूटप्रिंट्स लाइव्ह!’

जॅझमधल्या उत्स्फूर्त वादनावर संशोधन करायचं म्हटलं की पहिली पायरी ठरलेली: एक सोलो निवडा, त्याचं स्वरलेखन करा आणि विश्लेषणाला बसा. चार्ली पार्करच्या बाबतीत हे बऱ्यापैकी जमतं. हीच पद्धत घेऊन वेन शॉर्टर यांचा २००२ मधला ‘फूटप्रिंट्स लाइव्ह!’ ऐकायला घ्या. लगेच अडाल.

चौकडी तेव्हा नवीकोरी होती. सॅक्सोफोनवर ६७ वर्षांचे शॉर्टर, पियानोवर डॅनिलो पेरेझ, बासवर जॉन पॅटिटुची, ड्रम्सवर ब्रायन ब्लेड. २००१ च्या उन्हाळ्यातल्या युरोप दौऱ्यातली ही रेकॉर्डिंग्ज. रचना मात्र बहुतेक जुन्या, आणि मध्येच सिबेलियसचं ‘वाल्स ट्रिस्ट’ही.

आधी ‘फूटप्रिंट्स’चं १९६६ मधलं, ‘अ‍ॅडम्स अ‍ॅपल’वरचं रूप ऐका. धून, मग सोलो, मग पुन्हा धून. मायनर ब्लूजचा साचा बोटांवर मोजता येतो. आता लाइव्ह ऐका. धून आहे, पण तुकड्यांत. शॉर्टर दोन-चार स्वर टाकतात आणि गप्प होतात. पेरेझ त्यातलं काही उचलतात, काही सोडून देतात. ब्लेड मध्येच कडाडतात. आता सांगा, सोलो कोणाचा? कुठून कुठपर्यंत लिहून काढाल?

अशा वादनाला ‘चेंबर म्युझिक’ म्हणायची पद्धत आहे. छोटा गट, कंडक्टर नाही, सगळे एकमेकांकडे कान लावून. एवढ्यापुरता शब्द बरोबर. पण त्यातून जी शालीन दिवाणखान्याची हवा येते, ती ब्लेड यांच्या ड्रम्सपुढे दोन मिनिटंही टिकत नाही. प्रबंधात हा शब्द वापरणार असाल तर त्याचा अर्थ आधी ठरवून घ्या, नाहीतर मार्गदर्शक तिथेच पकडतील.

सगळंच जमलंय असं मला वाटत नाही. काही ठिकाणी चौघंही एकमेकांची वाट बघत राहतात आणि ताण सैल पडतो. तरी अभ्यासासाठी हेच तुकडे मला जास्त कामाचे वाटतात, कारण निर्णय कसा होतो ते तिथे उघडं पडतं.

मग करायचं काय? इंग्रिड मॉन्सन यांचं १९९६ चं ‘सेइंग समथिंग’ वाचा. जॅझमधल्या संवादाचा विचार त्या रिदम सेक्शनपासून करतात. मग तीस सेकंदांचा तुकडा घ्या, चार वादकांच्या चार ओळी आखा, कोण कोणाला उत्तर देतंय ते बाणांनी दाखवा. गप्प बसलेल्याची ओळही रिकामी सोडू नका. शॉर्टर यांच्या ओळीत तर शांततेच्याच नोंदी भरपूर होतील.