सांत्वनाची घाई

दुःखिताच्या दारी गेलेला माणूस एकतर त्याचे दुःख ऐकून घेतो, किंवा आपल्या बोलण्याने ते झाकून टाकतो. साहित्याचेही तसेच आहे. काही लेखन माणसाच्या दुःखाजवळ बसते. काही लेखन मात्र त्या दुःखाची अडचण होऊन लवकरात लवकर समारोपाकडे धावते. घरदार, शेतशिवार आणि पूर्वजांची माती सोडून परक्या जागी यावे लागलेल्या माणसाच्या मनावर जो आघात होतो, त्याची दखल आपल्या मराठी साहित्याने आणि विशेषतः आपल्या ख्रिस्ती लेखनाने कशी घेतली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न वऱ्हाडात राहणाऱ्या वाचकाला दूरचा वाटू नये. अमरावतीतील रामपुरी कॅम्प आणि अकोल्यातील सिंधी कॅम्प ही वस्त्यांची नावे आपण येता-जाता उच्चारतो. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, लाखो सिंधी कुटुंबांनी आपली भूमी सोडली. त्यांतील काही वऱ्हाडात आली. पुढे छावण्या गेल्या, पक्की घरे झाली, व्यापार वाढला; 'कॅम्प' हा शब्द तेवढा मागे राहिला. परंतु त्या शब्दामागचा माणूस आपल्या कथा-कादंबऱ्यांत शोधू गेले तर काय सापडते? बहुधा एक दुकानदार, त्याची बोलण्याची लकब आणि त्यावर केलेला विनोद. सिंधू नदीचा काठ रात्री ज्याच्या स्वप्नात येत असेल असा माणूस क्वचितच भेटतो. पोपटी हिरानंदानी यांच्या सिंधी आत्मचरित्राला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या मुंबईतच राहून लिहीत होत्या. परंतु आपल्या मराठी वाचकांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे? शेजाऱ्याने पुन्हा उभारलेला संसार आपण पाहिला आणि कौतुकही केले. त्याने काय गमावले हे मात्र विचारले नाही.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्पात आला. पुढे गाभा क्षेत्रातील कोरकू गावे बाहेर काढण्यास सुरुवात झाली. बोरी, कोहा, कुंड ही गावे आधी आणि नंतर आमोणा, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी गावे डोंगरावरून उतरून अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हारा भागातील सपाट मुलखात आली. कायद्याच्या भाषेत हे लोक निर्वासित नव्हेत, विस्थापित आहेत. त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही. परंतु मनाला सीमा वेगळ्या असतात. २००८ च्या योजनेत कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. कोरकू समाजात मृतांच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी खांब उभारण्याची परंपरा आहे. जमीन, घर, झाडे यांची मोजणी तलाठ्याला करता येते. पण तो खांब जेथे उभा होता त्या जागेची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?

२०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये यांतील अनेक कुटुंबे जंगलातील आपल्या जुन्या गावांकडे परत निघाली. दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत, औषधपाणी आणि जमीन मिळाली नाही, ही त्यांची तक्रार होती. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणीच्या परिसरात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. वर्तमानपत्रांनी ही घटना कायदा-सुव्यवस्थेची म्हणून वाचली, कार्यकर्त्यांनी हक्कांची म्हणून. दोन्ही वाचने आपापल्या जागी योग्य आहेत. तरीही एक तिसरे वाचन उरते, आणि ते करणे साहित्याचे काम आहे: मूल जसे आईच्या रिकाम्या खाटेकडे पुन्हा पुन्हा जाते, तसे ओसाड गावाकडे परतणारे पाय आपण पाहिले का?

मराठीत विस्थापनावर मोठे लेखन झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी १९९१ साली आली आणि १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला लाभला. धरणग्रस्तांची ही कथा सांगणारा लेखक स्वतः महसूल खात्यातील अधिकारी. त्यामुळे नोटीस, पंचनामा, मोबदला, दलाली या यंत्रणेत माणूस कसा भरडला जातो हे त्यांनी जितके बारकाईने दाखविले, तितके आधी क्वचितच कोणी दाखविले असेल. खैरमोडे गुरुजींसारखे पात्र वाचकाच्या मनात घर करते. विस्थापन हा एका दिवसाचा प्रसंग नसून वर्षानुवर्षे चालणारी झीज आहे, हे या कादंबरीचे मोलाचे दर्शन होय. परंतु तिची शक्ती आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आहेत. तिचा संताप इतका न्याय्य आणि इतका अखंड आहे की पात्रांना एकांत फारसा मिळत नाही. अन्याय कोणी केला हे आपणास नेमके कळते. अन्याय झालेला माणूस मध्यरात्री उठून बसतो तेव्हा त्याला काय दिसते, हे तितके कळत नाही. आरोपपत्र म्हणून ही कादंबरी थोर आहे. विलाप म्हणून ती अपुरी वाटते.

विलाप हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. आपल्या पवित्र शास्त्रात निर्वासितांचे एक संपूर्ण साहित्य आहे आणि समीक्षकाच्या दृष्टीने ते वाचले तर थक्क व्हायला होते. यरुशलेमच्या पाडावानंतरच्या विलापगीतात पाच अध्याय आहेत. त्यांतील पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने बांधलेले आहेत. ज्याचे सर्व काही विस्कटले आहे अशा माणसाने आपल्या आक्रोशाला अक्षरांचा क्रम दिला. हुंदक्याला धरून चालता येईल असा कठडा दिला. आणि या संपूर्ण ग्रंथात परमेश्वर स्वतः एकदाही बोलत नाही. ज्याने ग्रंथ रचला त्याला उत्तर जोडून देण्याचा मोह झाला नसेल काय? त्याने तो टाळला.

ईयोबाच्या मित्रांचे उदाहरण तर प्रत्येक सांत्वनकर्त्याने मनात कोरून ठेवावे असे आहे. ते येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. तोवर ते उत्तम मित्र असतात. नंतर ते तोंड उघडतात, दुःखाची कारणे सांगू लागतात, आणि ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराचा कोप त्यांच्यावर होतो. तक्रार करणारा ईयोब योग्य बोलला असा निर्वाळा मिळतो. देवाची बाजू मांडणारे चुकले असे ठरते.

बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या निर्वासितांचे १३७ वे स्तोत्र आपण सर्व जाणतो. त्याच्या शेवटी मात्र सूडाची भयंकर वचने आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मगुरू-धर्मभगिनींसाठी सुधारलेल्या दैनंदिन प्रार्थनाग्रंथातून ती गाळण्यात आली आहेत. प्रार्थना करणाऱ्यास मानसिक अडचण होऊ नये, हा त्यामागील हेतू आणि तो समजण्याजोगा आहे. उपासनेसाठी तो निर्णय शहाणपणाचाच मानावा. पण वाचक म्हणून आपण ती वचने विसरता कामा नये. ज्याचे घर जाळले गेले त्याच्या मनात काय काय येते, हे शास्त्राने लपविले नाही. संताप देवासमोर बोलता आला तर तो कदाचित शस्त्र हाती घेणार नाही.

आता आपल्या स्वतःच्या लेखनाकडे वळू. आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतील बोधकथा, चिंतने आणि श्रद्धांजलीपर लेख डोळ्यांसमोर आणावेत. त्यांत दुःख पहिल्या परिच्छेदात येते आणि तिसऱ्यात त्याचे सोने झालेले असते. जे घडले ते देवाच्या योजनेतच होते असा समारोप होतो. या लेखनामागची श्रद्धा खरी आहे, यात शंका नाही. परंतु शुक्रवारच्या क्रुसावरून थेट रविवारच्या पहाटेवर उडी मारणारे लेखन पवित्र शनिवार वगळते. त्या दिवशी वेदी उघडी असते आणि रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सा होत नाही. ख्रिस्तसभेने या रितेपणाला आपल्या पंचांगात एक पूर्ण दिवस दिला आहे. आपण आपल्या गोष्टीत त्याला एक परिच्छेदही देत नाही. विस्थापित माणूस तर वर्षानुवर्षे त्या शनिवारातच राहत असतो. त्याला रविवारची घोषणा ऐकविणे खोटे नसेल, पण ती त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

आधुनिक मानसशास्त्रही याच निष्कर्षाजवळ आले आहे. आघातोत्तर मानसिक विकाराला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांसह २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिची शिकवण साधी आहे: परिस्थिती पाहा, ऐका आणि आवश्यक त्या मदतीशी माणसाला जोडून द्या. मात्र त्याला बोलते करण्यासाठी भाग पाडू नका. जखम पुन्हा पुन्हा उकलायला लावणे म्हणजे उपचार नव्हे. उत्साही मुलाखतकाराने आणि लेखकानेही हे ध्यानात ठेवावे.

आपल्या अमरावती जिल्ह्यातच याचा पडताळा मिळालेला आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक ताणासाठी ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम राबविण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या उपक्रमाचा कणा म्हणजे गावपातळीवर काम करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते. शेतकऱ्यासाठी जे शक्य झाले, ते पुनर्वसित कोरकू वस्तीसाठी अशक्य का मानावे? अट इतकीच की ऐकणाऱ्याला कोरकू भाषा यावयास हवी. माणूस हिशेब दुसऱ्याच्या भाषेत मांडू शकतो, रडतो मात्र स्वतःच्याच भाषेत.

महाराष्ट्रात हे एकदा घडलेही आहे. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० जण, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे राहिले. त्या छावणीत केवळ धान्य आणि औषध नव्हते. चर्च होते, पोलिश भाषेतील शाळा होत्या, नाटके होती, बालवीर पथके होती. आपल्या भाषेत प्रार्थना करण्याची, आपले सण पाळण्याची, आपल्या मृतांना पुरण्याची मुभा होती. त्यांच्यातील मुले वृद्धापकाळीही वळिवडेची आठवण काढीत राहिली, यात नवल नाही. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा जखमींची शुश्रूषा करणारे फादर पेद्रो अरुपे यांनी १९८० साली येशूसंघीय निर्वासित सेवा सुरू केली. त्या संस्थेच्या ध्येयवाक्यात तीन क्रिया आहेत: सोबत करणे, सेवा करणे, बाजू मांडणे. सोबतीला पहिले स्थान मिळाले, हे अर्थपूर्ण आहे.

अम्माऊसच्या वाटेवरील प्रभूचे वर्तन हेच सांगते. निराश होऊन गाव सोडलेल्या त्या दोघांना तो काय घडले ते विचारतो. घडलेले सर्व त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरीही तो त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू देतो, आणि शास्त्राचा अर्थ त्यानंतर उलगडतो. हा क्रम उलटा केला की सांत्वनाची घाई होते.

म्हणून आपल्या लेखकांना आणि वाचक कुटुंबांना एक विनंती. कॅम्पातील वयोवृद्ध शेजारी आता थोडेच उरले आहेत. अकोट-तेल्हाऱ्याकडील वस्त्यांत डोंगर पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांच्याकडे जावे, त्यांना सांगावेसे वाटेल तेवढेच ऐकावे, त्यांच्या परवानगीने त्यांच्या भाषेत लिहून घ्यावे आणि शेजारी मराठी अर्थ द्यावा. शेवटी बोध जोडू नये. त्रैमासिकाची चार पाने अशा लेखनासाठी राखून ठेवली, तर आपल्या साहित्यात आजवर नसलेला विलाप येईल, आणि त्या विलापाला शेजारी मिळेल.