चप्पल कुणाची, नाव कुणाचं?

२२ जून २०२५ ला इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांचा फॅशन शो केला. पोरं चालत आली ती अंगठ्याच्या चपला घालून. कंपनीनं तिला म्हटलं, चामड्याची सँडल. कोल्हापूरचा उच्चार नाही, देशाचाही नाही. मग इकडं गिल्ला झाला. पेपरवाले, पुढारी, व्यापारी एका सुरात ओरडले, आमची अस्मिता चोरली!

दोस्तहो, ह्या ‘आमची’तला आम्ही कोण? ओरडणाऱ्यांतले किती जण कधी चांभाराच्या ओट्यावर टेकलेत?

कोल्हापुरी कशी झाली ते आधी बघा. मेलेलं जनावर गावाबाहेर महारानं ओढायचं. कातडं ढोरानं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमवायचं. रापी-आरी घेऊन चांभारानं बेतायचं नि शिवायचं. वेण्या घालायच्या त्याच्या घरच्या बाईनं. खिळा नाही, शिवण कातड्याच्याच वादीची. एका चपलेत एवढ्यांचा घाम. चप्पल देवळाच्या पायरीपर्यंत जायची, करणारा तिथवरसुद्धा जाऊ शकत नव्हता.

आपले सौंदर्यवादी समीक्षक म्हणतात, कलाकृतीकडं कलाकृती म्हणून बघा. ठीक आहे, बघू. तापल्या रस्त्यावर चालायचं म्हणून तळ जाड. पायाला वारा लागावा म्हणून वरून मोकळी. पाय सुटू नये म्हणून अंगठा, नि तळ-पट्टा धरून ठेवायला कान. ही अक्कल कुठल्या आर्ट स्कुलात शिकवून आलेली नाही. पण चांभारानं केलं की ‘कारागिरी’ आणि मिलानवाल्यानं तेच उचललं की ‘डिझाइन’! हा शब्दांतला जातिभेद आहे, आणि तो आपल्या समीक्षेनंही मुकाट पाळला.

आता कायदा बघू. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. नोंदणी दोन राज्यांच्या दोन चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. नक्कल करणाऱ्याला अडवायला ते कामाचं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ते मान मुलखाला देतं, हाताला देत नाही. प्राडाविरुद्ध मुंबई हायकोर्टात अर्ज केला तो वकिलांनी. जुलै २०२५ मध्ये कोर्टानं तो फेटाळला : मानांकन तुमचं नाही, ज्यांचं आहे ते येतील. चप्पल शिवणारा ह्या सगळ्या भांडणात कुठं होता? फोटोत. खाली मान घालून, हातात आरी.

डिसेंबर २०२५ मध्ये समझोता झाला. प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला, इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर. कारागिराला काम मिळेल, चांगलंच आहे. पण समीक्षकानं विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या जोडावर नाव कुणाचं?

मी गिरणीतला माणूस. गाठीवर शिक्का गिरणीचा पडतो, बोटांचा पडत नाही. म्हणून हा प्रश्न मला लवकर टोचतो.

नाव घालायची रीत आपल्याकडं नव्हतीच असं कुणी सांगितलं तर त्याला आमच्या कन्नड तालुक्यात आणा. पिशोरहून पितळखोऱ्याला जा. डोंगरातली बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथं एक यक्ष सापडला, आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. धंदा सोनाराचा, काम दगडाचं, आणि खाली स्वतःचं नाव. राजाचं नाही, देवाचं नाही. बुद्धाच्या लेण्यात कारागीर नावानिशी उभा राहिला. आमचा वारसा सांगायचा तर मी हा सांगतो.

आज मुंबईत सुधीर राजभर या चित्रकारानं ‘चमार स्टुडिओ’ काढलाय. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनं चामड्याचे कारागीर अडचणीत आले, त्यांना घेऊन तो टाकाऊ रबराच्या पिशव्या करायला लागला, पुढं खुर्च्या. २०२४ मध्ये त्या खुर्च्या अमेरिकेत मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात मांडल्या गेल्या. शिवी म्हणून फेकलेला शब्द त्यानं पाटीवर लावला. हे धाडस मला मान्य. पण पाटीवर जात आली म्हणजे माणूस आला असं होत नाही. तिथून पुढं एक पायरी कण्हदासाची आहे.

आता आपल्यातला एक पेच. काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी ढोरं ओढायचं सोडा म्हटलं, मृतमांस सोडा म्हटलं, मग आपण चामड्याचं कौतुक का करावं? दुसरे म्हणतात, आपली कला आहे, जपा. मला दोन्ही अर्धं वाटतं. बाबासाहेबांचं भांडण हाताच्या कसबाशी नव्हतं. जन्मानं कपाळी मारलेल्या कामाशी होतं. १९३६ सालीच त्यांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवलं की जात कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांचेही तुकडे पाडते. आणि ते तुकडे अजून ताजे आहेत. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना इथं मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून झोडपलं. चामड्याला बाजारात भाव, ते सोलणाऱ्याच्या पाठीवर वळ. ‘कला जपा’ म्हणणाऱ्यानं आधी ह्या वळांकडं बघावं.

म्हणून कारागिरीवर लिहिताना मी तीनच गोष्टी तपासतो. करणाऱ्याचं नाव मालावर आहे का? किमतीत त्याचा वाटा किती? आणि त्याच्या पोराला हे काम सोडता येतं का, नि बामणाच्या पोराला ते शिकून ओट्यावर बसावंसं वाटतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती परंपरा नव्हे, वेठ आहे, मग ती मिलानमध्ये चालो की कोल्हापुरात.

अस्मितावाल्यांनो, चप्पल परत मागताय ना? मागा. तिच्याबरोबर शिवणाऱ्याचं नावही मागा. आम्ही ते मागणारच आहोत.