काचेतील अभाव आणि प्रकाश : लिबेन्स्की व ब्रिख्तोव्हा यांचे शिल्प

काचशिल्पाविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो. काच मुळातच चमकदार असल्यामुळे तिचे सौंदर्य हे द्रव्याचे असते, शिल्पकाराचे नव्हे, असा तो आक्षेप होय. स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की (१९२१–२००२) आणि यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा (१९२४–२०२०) या चेक दांपत्याची निर्मिती पाहता हा आक्षेप टिकत नाही.

झेलेझ्नी ब्रोद या काचकामाच्या गावी त्यांचे सहकार्य १९५० नंतरच्या दशकात सुरू झाले. लिबेन्स्की रेखाटन करीत, ब्रिख्तोव्हा ते मातीत घडवीत. पुढे साच्यात काच वितळवून ती अत्यंत सावकाश निववली जाई. अशा ओतीव काचेत रंग एकच असतो. छटा मात्र जाडीवर अवलंबून राहतात. समजा, एक सेंटिमीटर जाडीतून निम्मा प्रकाश पार होत असेल, तर दोन सेंटिमीटरमधून चतुर्थांश आणि तीनमधून केवळ अष्टमांश पार होईल. म्हणजे येथे छायाप्रकाश बाहेरून पडत नाही. तो घनाकाराच्या आतच रचलेला असतो.

परावर्तनाचे स्थान या रचनेत गौण आहे. गुळगुळीत काचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी पृष्ठभागावरून परत फिरतो तो सुमारे ४ टक्के. उरलेला आत शिरतो. चकाकीवर विसंबणारा कलावंत त्या चार टक्क्यांत गुंततो. या दोघांनी उरलेल्या प्रकाशाचा विचार केला. मागील बाजूस खोलगट घडवलेला चेहरा समोरून पाहता उठावदार भासतो, तो याच विचारामुळे.

येथे व्याकरणातील शून्य प्रत्ययाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 'दगड' या शब्दाचे अनेकवचनही 'दगड'च. प्रत्यय दिसत नाही, तरी त्याचा अभाव अर्थ वाहतो. काचेतील पोकळीही अशीच अर्थवाहक ठरते.

याचा कठोर प्रत्यय १९७० च्या ओसाका प्रदर्शनात आला. तेथील 'जीवनसरिता' या शिल्पात लष्करी बुटांचे ठसे उमटवलेले होते. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात परकीय सैन्य शिरले होते. त्यामुळे ठशांचा रोख कोणाकडे, हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. अधिकाऱ्यांनी ते ठसे काढून टाकावयास लावले. ठसा म्हणजे वस्तुतः काचेचे नसणे. परंतु त्या नसण्यात प्रकाश दिशा बदलतो आणि खूण डोळ्यांत भरते. केवळ शोभेच्या वस्तूची सत्तेला अशी धास्ती वाटत नाही.

या शिल्पाला एक मर्यादा अवश्य आहे. त्याचे रूप दालनातील प्रकाशयोजनेवर अवलंबून राहते. मागून प्रकाश न मिळाल्यास घनाकार मुका होतो. तथापि संदर्भावाचून वाक्यही पुष्कळदा मुकेच असते. म्हणून या परावलंबनास दोष न मानता माध्यमाचा धर्म मानणेच अधिक युक्त होय.