'पगार' : व्युत्पत्तीचा आधार आणि तिची मर्यादा

शब्दाचे मूळ सांगितले की अर्थाचा निवाडा झाला, अशी समजूत आपल्या समीक्षेत बरीच रुळलेली आहे. ती तपासण्यास 'पगार' हा शब्द सोयीचा आहे.

हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज व स्पॅनिशमधील 'पगार', इटालियनमधील 'पगारे' आणि फ्रेंचमधील 'पेये' ही क्रियापदे लॅटिन 'पाकारे'पासून निघाली. 'पाक्स' म्हणजे शांतता; 'पाकारे' म्हणजे शांत करणे, आणि रोमन सेनानींच्या भाषेत प्रदेश जिंकून वठणीवर आणणे. पुढे धनकोचे समाधान करणे, म्हणजेच ऋण फेडणे, हा अर्थ रूढ झाला. रुमानियनची वाट मात्र निराळी. तेथे याच मुळाशी नाते असलेले 'इंपका' म्हणजे समेट घडविणे. पैसे देण्यासाठी तिने 'प्लती' हे स्लाव्ह क्रियापद स्वीकारले.

एवढ्या सामग्रीवर कामगारकवितेतील 'पगारा'त मालकाने विकत घेतलेली शांतता वाचण्याचा मोह होणारच. असे वाचन चतुर असले तरी निराधार आहे. पोर्तुगीज हा शब्द घेऊन कोकणकिनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या भाषेत तो देण्याघेण्याचाच शब्द झालेला होता. मराठीपर्यंत 'पाक्स' पोचलीच नाही.

मराठीने स्वतः केलेला बदल याहून महत्त्वाचा आहे. तिने क्रियापदाचे नाम केले. यात व्याकरणदृष्ट्या नवल नाही. आपली 'देणे', 'येणे' ही रूपेही हिशेबात नामे म्हणूनच वावरतात. परंतु नाम झाल्यावर या शब्दाला दुसऱ्या क्रियापदांचा आश्रय घ्यावा लागला : पगार होतो, मिळतो, अडकतो, कापला जातो. मालक फार तर 'पगार करतो'. कोंकणीतही वेतन म्हणजे 'पगार'च. पैसे देणे मात्र 'फारीक करप'.

'शनिवारी पगार झाला' या वाक्यात देणारा कोठेच नाही. समीक्षकाचे काम येथे सुरू होते. वाशीच्या घाऊक बाजारातील नोंदणीकृत माथाडीची मजुरी १९६९ च्या कायद्यानुसार व्यापारी मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगाराला देते. त्याच्या तोंडी हे कर्ताहीन वाक्य व्यवहाराचे बऱ्यापैकी नेमके वर्णन ठरते. ठेकेदाराच्या मजुराच्या तोंडी तेच वाक्य, ज्याच्याकडे तगादा लावायचा त्यालाच झाकून टाकते.