‘तमस’चा प्रेक्षक

भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या कादंबरीवरची गोविंद निहलानी यांची मालिका जानेवारी १९८८मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली आणि लगोलग न्यायालयात गेली. फाळणीच्या वेळच्या दंग्यांचे चित्रण समाजांत वैर वाढवील, हा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला; १६ फेब्रुवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो अमान्य केला. या निकालाकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पाहण्याचा प्रघात आहे. साहित्यविचाराच्या दृष्टीने मात्र त्यातील लक्षणीय गोष्ट ही, की न्यायालयाने मालिकेसाठी एक प्रेक्षक कल्पिला.

हा प्रेक्षक उसना होता. नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वी असा दंडक घातला होता, की शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर माणसांवरून जोखावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसांवरून नव्हे. संस्कृत काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ येथे सहज आठवतो. पण सहृदयाचे मन काव्याच्या परिशीलनाने घडलेले असते, आणि इझरचा गर्भित वाचक संहितेतच रचलेला असतो. न्यायालयाचा खंबीर प्रेक्षक यांपैकी कोणीच नाही. तो एक नैतिक अपेक्षा आहे. निर्णय योग्यच होता; त्याआडचे गृहीतक मात्र समीक्षेने जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही.

कादंबरी वाचक निवडून घेतो. १९८८ साली घराघरांत दूरदर्शन हाच एक पर्याय होता, आणि त्याच महिन्यांत रविवारी सकाळी त्याच पडद्यावर ‘रामायण’ चालू होते. रेमंड विल्यम्स ज्याला दूरचित्रवाणीचा ‘प्रवाह’ म्हणतात, त्यात कोणतीही संहिता एकटी भेटत नाही. प्रेक्षक आपले साचे सोबत घेऊनच येतो. ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकन मालिकेतील आर्ची बंकर हे पात्र वंशद्वेषाची टर उडवण्यासाठी योजलेले होते. परंतु विडमार आणि रोकीच यांच्या १९७४च्या अभ्यासात पूर्वग्रह तीव्र असलेल्या प्रेक्षकांना आर्चीच वादात सरस ठरताना दिसला. उपरोध पोहोचला, पण उलटा.

‘तमस’मधील राजोचा प्रसंग याच कसोटीवर वाचायला हवा. पळून आलेल्या हरनामसिंग आणि बंतो या शीख वृद्ध दांपत्याला ही मुसलमान स्त्री आसरा देते. तिच्या घरचे पुरुष लूट घेऊन परततात, आणि लुटीतली पेटी हरनामसिंगाचीच निघते. मालिकेत सुरेखा सिक्रींनी राजोच्या करुणेत धाकही ठेवला आहे, हे विशेष. तरीही ‘मुसलमान लुटारू’ हा साचा ज्याच्या मनात पक्का आहे, तो राजोला अपवाद ठरवून साचा शाबूत राखू शकतो. सद्गुणी पात्राने प्रतिमा सुधारते, ही समजूत म्हणूनच भाबडी आहे. साच्याला खरा धक्का राजोच्या चांगुलपणाने बसत नाही. तो कादंबरीत पेटीच्या किल्लीने बसतो. हरनामसिंग स्वतःच ती किल्ली काढून देतो, आणि जुनी ओळख असलेला घरमालक ओशाळतो. लुटारूला लाज वाटते, म्हणजे तो शेजारी होता. अपवाद आणि नियम ही विभागणी त्या क्षणी चालत नाही.

खटल्यात प्रश्न होता तो हिंदू, मुसलमान आणि शीख प्रेक्षकांच्या क्षोभाचा. कथेचा आरंभ मात्र नत्थूपासून होतो. कातडी सोलण्याचे काम करणाऱ्या या चर्मकाराने कधी डुक्कर मारलेले नाही. पाच रुपयांची नोट देऊन ते त्याच्याकडून मारवून घेतले जाते, आणि पुढच्या साऱ्या हिंसेचा अपराध तो मनोमन स्वतःवर घेतो. हे करणाऱ्यांची नव्हे, तर ज्याच्या हातून करवून घेतले त्याची ही अपराधभावना. कादंबरीत ती आतून कळते. पडद्यावर ओम पुरींचा घामेजलेला चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यात स्वतःची जात ओळखणारा प्रेक्षक १९८८ साली कोणत्या तरी घरात बसला असणारच. तो खंबीर की डळमळीत, हे ठरवण्याचा प्रसंग न्यायालयापुढे आला नाही, आणि ‘तमस’वरील चर्चेतही त्याची बाजू क्वचितच ऐकू येते.