संकराचा सूर

मागे एका काव्यवाचनात एक प्राध्यापक मला म्हणाले, "तुमच्या कवितेत भाषेचा संकर झालाय. गिरणीतलं इंग्रजी, गावची बोली, मध्येच पाली. आधी एक सूर धरा." मी गप्प बसलो. आठवी पास माणूस सभेत काय बोलणार? पण 'संकर' हा शब्द डोक्यातून जाईना. हा मनूच्या पोथीतला शब्द. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली महाडला ती पोथी जाळली, तरी समीक्षेच्या दुकानात हा माल अजून खपतोच आहे.

मला उत्तर सापडलं ते एका आंधळ्या काळ्या माणसाच्या वाजवण्यात. रोलँड कर्क. जन्म १९३५, अमेरिकेतल्या ओहायोत. जाझ वाजवायचा. गळ्यात तीन-तीन सॅक्सोफोन अडकवून एकदम फुंकायचा. त्यातले दोन जुने, मागे पडलेले प्रकार. त्यांना तो मँझेलो आणि स्ट्रिच म्हणायचा. एका हातानं वाजतील असे फेरफार त्यानं त्यांत केले. ट्रम्पेटचं तोंड काढून सॅक्सोफोनचं बसवलं, झाला ट्रम्पोफोन. माणूस एकटा, आवाज जमावाचा.

आता यात घडतं काय ते बघा. ट्रम्पेटमध्ये वादकाचे ओठ थरथरतात, सॅक्सोफोनमध्ये वेताची पत्ती. एकाच्या नळीला दुसऱ्याचं तोंड लावलं की सूर जागेवर राहत नाहीत. ते ओठांनी, श्वासानं सावरून धरावे लागतात. म्हंजे मोडतोड कुणीही करील, ती सुरात ठेवायला दमसास लागतो. कर्क गालातली हवा सोडता सोडता नाकानं श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही.

पुष्कळ समीक्षकांनी याला सर्कस ठरवलं. मग त्यांचं शुद्ध वाद्य कोणतं? सॅक्सोफोन! अन् अडॉल्फ साक्सनं १८४६ साली पॅरिसला ज्याचं पेटंट घेतलं तो सॅक्सोफोन तरी काय? क्लॅरिनेटसारखं पत्तीचं तोंड आणि पुढं रुंद होत जाणारी पितळी नळी. सगळं जोडकामच. कालचा संकर आज शुद्ध झाला, कारण मधल्या काळात त्याला कागद मिळाला.

१९७० साली टीव्हीवर काळ्या जाझवाल्यांना जागा देत नाहीत म्हणून कर्क आणि त्याचे साथी प्रेक्षकांत जाऊन बसले आणि चालू कार्यक्रमात शिट्ट्या फुंकल्या. त्या दिवशी शिट्टी हेच त्याचं सगळ्यात नेमकं वाद्य होतं. दोनच वर्षांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावही तिकडच्या काळ्यांच्या लढ्यावरून घेतलेलं. तेव्हा हा माणूस आपल्याला परका नाही.

आता आपल्या लोकांनाही एक सांगतो, राग मानू नका. शिव्या, घोषणा अन् इंग्रजी शब्द एकत्र ओतले की विद्रोही कविता झाली, असं काहींना वाटतं. माझीही तसली एक कविता आहे. कर्कही कधी मध्येच सायरन फुंकतो, अन् मला त्याचा मागच्या-पुढच्याशी संबंध लागत नाही. आमचा भोंगा निदान पाळी सुटल्याचं तरी सांगतो. पण १९६७ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'द इन्फ्लेटेड टिअर'मध्ये तीन वाद्यं एकदम हंबरतात, तेव्हा पटतं की लहानपणी डोळे गेल्याचं दुःख एका वाद्यात मावलंच नसतं. जोड अशी गरजेतून यावी.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. तुटलेला धागा सांधणं हे माझं काम. वाईट सांधा कापडात गाठ होऊन दिसतो. चांगला सांधा ताण सोसतो. कवितेला मी हीच कसोटी लावतो.

१९७५ साली कर्कला पक्षाघात झाला, एक हात गेला. त्यानं सॅक्सोफोन पुन्हा बदलला आणि १९७७ साली मरेपर्यंत एका हातानं वाजवला.

प्राध्यापक महाशय, अखंड वाद्य आमच्या हाती कुणी दिलं होतं? जे तुकडे मिळाले ते जोडून फुंकतोय. सूर लागला नाही तर जरूर सांगा, ऐकून घेईन. तुकड्यांची जात तेवढी विचारू नका.