वीस प्रश्नांत न मावणारी पहाट

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मनात रुतून बसणारा ताण, मोजायला 'पीसीएल-5' ही प्रश्नावली जगभर वापरतात. वीस प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, काळ गेल्या महिन्याचा. बेरीज साधारण 31 ते 33च्या घरात गेली की पुढची तपासणी करायची. मी रोज फॉर्म बनवतो, त्यामुळे तिची आटोपशीर मांडणी मला आवडते. पण मजकूर म्हणून वाचली की तिच्या मनातला माणूस दिसतो: संकटातून बाहेर पडलेला, त्याची आठवण टाळू शकणारा, भावनांना नावं देणारा. 1980 मध्ये हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तकात आलं, त्यात व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाचा मोठा वाटा होता.

आता तीच प्रश्नावली किल्लारीला नेऊ. 30 सप्टेंबर 1993ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं झोपली होती. दगडमातीची घरं कोसळली, हजारो माणसं गेली.

समजा, त्यातून एक घर वाचलं. प्रश्न येतो: आठवण करून देणाऱ्या जागा टाळता का? मुलगा पुण्यात कामाला आहे, गावी जात नाही. त्याला सगळे 'सुट्टी मिळत नाही' म्हणतात. तो पितो, पण दारूबद्दल वीसांत एकही प्रश्न नाही. आईला टाळायला दुसरी जागाच नाही. ती 0 सांगते आणि रात्री अंगणात झोपते. आजोबा मनाचं बोलत नाहीत. छाती धडधडते, हातपाय गळतात म्हणतात. तिघांची बेरीज सारखी आली, तरी दुखणं सारखं नाही. शिवाय 'गेला महिना' वैशाख होता की भाद्रपद?

स्त्रियांमध्ये पीटीएसडी पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतो, असं अनेक देशांतली सर्वेक्षणं सांगतात. त्या आकड्यात दुःख किती आणि प्रश्नांची निवड किती, हे विचारायलाच हवं. आमच्या कामात याला म्हणतात: फॉर्म पास झाला, डेटा चुकला.

तरी मी ही प्रश्नावली फेकून देणार नाही. ती नसती तर त्या आईला 'झोप लागते का' हे कुणी विचारलंच नसतं. माझी तक्रार बेरजेवर थांबण्याबद्दल आहे. मराठीत वापरताना प्रत्येक उत्तर वेगळं वाचा, आणि शेवटी एक प्रश्न जोडा, ज्याला गुण नाहीत: रात्री कुठे झोपता?